अर्ध्यावर राहिलेली शिवण

पाऊस नुकताच उघडला होता आणि ओल्या लोखंडाचा वास गल्लीभर पसरला होता. तो मातीचा नव्हता, दगडाचाही नव्हता. जिभेच्या टोकाला किंचित तुरट लागणारा, नाकापेक्षा घशातच जास्त रेंगाळणारा असा तो गंजाचा वास, आणि त्याच्या मागे मागे चालत मी एका घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. घर म्हणायला भिंती होत्या, कुठे कमरेइतक्या, कुठे मजलाभर उंच. वर छप्पर नव्हतं, आत जमीन नव्हती, नेटकं कापलेलं हिरवं गवत होतं. जिथे खिडकी होती तिथे आता आभाळाचा एक चौकोन होता. आणि त्या चौकोनाखाली, दुपारचा उजेड नेमका जिथे पडावा अशा जागी, शिवणाचं मशीन उभं होतं. लाकडी फळी जळून गेलेली, वादी नाही, सुई नाही. पण दोन्ही बाजूंचे बिडाचे नक्षीदार पाय, त्यांच्यामधलं पायडल आणि उजवीकडचं मोठं चाक, सगळं तांबूस तपकिरी होऊन जागच्या जागी होतं. कुणीतरी हातातलं काम ठेवून, दारात कोण आलंय ते बघायला उठलं होतं.

मला रडू आलं नाही, इतिहासही आठवला नाही. कानात आवाज सुरू झाला, आमच्या घरच्या दुपारचा. जेवणं आवरून, ओटा पुसून, माजघरातल्या खिडकीशी आई मशीनवर बसायची. तिचा पाय पायडलवर पडला की आधी एक सुस्त, जड खडखड यायची. मग चाकाने वेग धरला की तीच खडखड एकसंध होऊन लांबत जायची, आणि त्या लयीत अख्खं घर पेंगायला लागायचं. कोपरा आला की आवाज थांबे. सुई कापडात रुतलेलीच ठेवून आई कापड फिरवायची, क्षणभर हाताने चाकाला जरा पुढे लोटायची, आणि परत पाय. मी मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली असायचे. वरून तेलाचा वास यायचा, समोर आईची पावलं वरखाली व्हायची, जोडवी पायडलच्या जाळीवर बारीक किणकिणायची. बिडाच्या पायांमधल्या वेलबुट्टीत अक्षरं गुंफलेली होती: एस, आय, एन, जी, ई, आर. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या कितीतरी आधी मी ती बोटाने गिरवून पाठ केली होती.

आणि कुणी हाक मारली, दाराची कडी वाजली, दूध उतू जायला आलं, तरी आईचं उत्तर एकच असायचं. "एवढी टीप पुरी करते नि आले."

अर्धी टीप ती कधी सोडत नसे. टोकाला दोरा पक्का केला नाही तर धरून ठेवलेलं सगळं उसवतं, असं म्हणायची. उठायचं ते टीप पुरी करून, दोरा दातांनी तोडून, मशीनवर हात फिरवून. तिला बोलवायला आलेल्या माणसाने तेवढं थांबायचं असतं, हे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ओरादूरमधल्या त्या दुपारी आलेली माणसं थांबली नाहीत.

ओरादूर-सुर-ग्लान हे गाव फ्रान्समध्ये, लिमोझ शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. ग्लान ही त्याच्या पायाशी वाहणारी लहानशी नदी. माझी भाची लिमोझला शिकायला आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या शहरात मी तिच्याकडे राहायला गेले होते. "मावशी, तुला ओरादूरला न्यायचंय मला," ती म्हणाली होती, "पण बोलत बोलत फिरायची जागा नाही ती." वाटेतही ती फार बोलली नाही. बसच्या खिडकीबाहेर कुरणं होती, तांबूस गाई होत्या, पावसाने धुतलेली चेस्टनटची झाडं होती. इतका शांत, इतका सुखवस्तू मुलूख की आपण कुठे निघालोय याचा विसरच पडावा.

जुन्या गावात शिरण्याआधी जमिनीच्या पोटातून जावं लागतं. 1999 साली उघडलेल्या स्मृतिकेंद्रातून एक वाट खाली उतरते आणि पलीकडे उजेडात वर येते. तिथे एक पाटी तुम्हाला एकेरीत सांगते की आठवण ठेव. दुसरी सांगते की शांतता राख. मला ते एकेरी बोलणं आवडलं. एवढ्या मोठ्या दुःखाच्या दारात अहो-जाहो कुणी करावं.

10 जून 1944, शनिवार. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरून चार दिवस झाले होते आणि 'दास राइश' ही नाझी जर्मनीच्या एस. एस.ची चिलखती डिव्हिजन दक्षिणेकडून त्या किनाऱ्याच्या रोखाने निघाली होती. तिच्यातल्या एका तुकडीने दुपारी दोनच्या सुमाराला ओरादूर वेढलं. शाळा भरलेल्या होत्या. त्या दिवशी तंबाखूचं रेशन मिळणार होतं म्हणून आसपासच्या वाड्यांवरून माणसं आली होती. गावात परकी माणसंही बरीच होती. लोरेनमधून हुसकावलेली कुटुंबं, स्पेनच्या यादवीतून जीव घेऊन पळालेली माणसं, लपून राहिलेले ज्यू. एका युद्धातून सुटून आडगावी निवारा मिळाला असं वाटणारी. ओळखपत्रं तपासायची आहेत, असं सांगून सगळ्यांना घरांतून, शाळांतून, शेतांतून बाजाराच्या मैदानात आणलं. कुणाच्या अंगात कामाचा ॲप्रन, कुणाचे हात पिठाने माखलेले. तपासणी म्हणजे तासाभराचा खोळंबा. परत येऊन उरलेलं काम करू, असंच सगळ्यांना वाटलं असणार. नाहीतर माणूस असा हातातलं काम टाकून उठत नाही.

हेच गाव का, याचं पटेल असं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही.

लोरेनहून आलेल्या एका बाईने मात्र आपल्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं की जर्मन आले तर कशाचाही विचार न करता रानाकडे पळत सुटायचं. तिने ते सैनिक आपल्या गावात पाहिले होते. रोजे गोदफ्राँ नावाचा तो सात-आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या मागच्या बाजूने पळाला, पळता पळता पायातला एक बूट गेला, पण तो पळाला. शाळेतल्या मुलांपैकी तो एकटा वाचला. आईच्या एका वाक्यावर.

मी मुख्य रस्त्याने चालत राहिले. लिमोझहून येणाऱ्या ट्रामचे रूळ अजून रस्त्यात आहेत, वर तिच्या तारा आहेत, खांब आहेत. ट्राम तेवढी नाही. घराघरावर लहानशी पाटी आहे, तिथे राहणाऱ्याचं नाव आणि त्याचा धंदा सांगणारी. न्हावी. लोहार. लाकडी जोडे करणारा. दारूचा व्यापारी. खाटीक. दंतवैद्य. शिंपीण. एक अख्खं गाव, एकमेकांवाचून ज्याचं पान हलत नसे असं, त्या पाट्यांतून हळूहळू भोवती उभं राहू लागतं. न्हाव्याच्या शेजारी कोण, बेकरीतून निघालेला पाव कुठल्या वळणावर पोचेपर्यंत गरम राहत असेल, शिंपिणीकडे टाकलेला कोट आणायला पोर कुठल्या गल्लीतून धावत येत असेल, असं सगळं मनात आपोआप मांडलं जातं. मैदानाच्या कडेला एक गंजून चाळण झालेली मोटार उभी आहे. लोक तिला डॉक्टरांची मोटार म्हणतात. तरुण डॉक्टर देझूर्तो रुग्णांना बघून गावात परतले तेव्हा सगळं गाव मैदानात उभं होतं. त्यांनी मोटार थांबवली आणि तेही जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांचे वडील, गावचे प्रमुख, तिथेच होते. त्यांच्याकडे ओलीस मागितले तेव्हा त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. स्वतःचं घेतलं, आणि लागलीच तर आपल्या मुलांची.

आणि मशीनं. त्या एका मशीनपाशी थांबले म्हणून पुढची सगळी दिसायला लागली. कितीतरी घरांत ती आहेत. कुठे चूल आणि मशीन, कुठे पलंगाचा लोखंडी सांगाडा आणि मशीन, कुठे भिंतीला टेकलेली सायकल आणि तिच्याजवळ मशीन. लाकूड जळालं, कापड जळालं, कागद जळाले, माणसं जळाली. उरलं ते लोखंड. म्हणून आज ओरादूरमध्ये ज्याला ज्याला हात लावावासा वाटतो ते सगळं कामाचं आहे. भांडी, खुरपी, वजनकाटे, चाकं. दागिना नाही, तसबीर नाही, पत्र नाही. माणसाने हातांनी रोज जे केलं, तेवढंच शिल्लक राहिलं. एका मशीनच्या पायांत ती ओळखीची अक्षरं दिसली. मी खाली वाकले आणि पुढे झालेला हात मागे घेतला. इथल्या कशालाही हात लावायचा नाही. पण बोट आपोआप हवेत फिरलं, आधी एस, मग आय.

आई गं.

पुरुषांना सहा ठिकाणी नेलं, कोठारांत, गॅरेजमध्ये, तबेल्यात. त्या प्रत्येक जागेवर आता दगडी पाटी आहे आणि ती वाचून नुसतं उभं राहावं लागतं. बंदुका खालच्या बाजूने, पायांवर चालवल्या होत्या. मग वर गवत, पेंढा टाकून आग लावली. एका कोठारातून पाचजण जिवंत निसटले. त्यांत अठरा वर्षांचा रोबेर एब्रास होता. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

बायका आणि मुलं चर्चमध्ये होती. साडेचारशेच्या आसपास. मी त्या चर्चमध्ये शिरले तेव्हा ऊन आलं होतं. छप्पर नसल्यामुळे ऊन थेट फरशीवर पडतं, चर्चच्या उजेडासारखं रंगीत नाही, गाळलेलं नाही, अंगणातल्यासारखं मोकळं. वेदीजवळ एका बाबागाडीचा गंजलेला सांगाडा आहे. दाराशी काशाचा एक आकारहीन गोळा आहे, ती वितळलेली घंटा. मी बाबागाडीकडे फार वेळ पाहू शकले नाही, घंटेकडे मात्र पाहत राहिले. घंटा वितळायला किती उष्णता लागते याचा हिशेब मन करू पाहत होतं आणि करायला तयारही नव्हतं. वेदीमागे तीन उंच खिडक्या आहेत. मधल्या खिडकीतून मार्गरीत रूफांश नावाच्या बाईने खाली उडी घेतली. तिच्यामागून एक आई आपलं तान्हं घेऊन खिडकीत आली, ती दोघंही गोळ्यांनी गेली. मादाम रूफांशना पाच गोळ्या लागल्या. त्या सरपटत चर्चच्या शेजारच्या बागेत गेल्या आणि वाटाण्याच्या सरींमध्ये पडून राहिल्या, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत. नवरा, मुलगा, दोन मुली आणि सात महिन्यांचा नातू, सगळं त्या एका दुपारी गेलं. चर्चमधून जिवंत बाहेर पडलेली ती एकटी. तिथे काय झालं हे जगाला कळलं ते तिच्या तोंडून. 1988 मध्ये जाईपर्यंत तिने ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

मला त्या वाटाण्याच्या सरी मनातून काढता येत नाहीत. कुणीतरी वसंतात त्या पेरल्या असतील, काठ्या रोवल्या असतील, वेल चढवले असतील. कुणाच्या तरी रोजच्या हातांनी केलेल्या त्या कामाच्या आडोशाला एक बाई जगली.

चर्चमधून बाहेर आलो तेव्हा पलीकडच्या एका भिंतीला परांची बांधलेली दिसली. दोन गवंडी वर होते. आम्ही जरा लांब, बाकावर बसून त्यांचं काम पाहत राहिलो. भिंतीच्या तुटक्या माथ्यावर एकजण मालाचा थर देत होता, हलक्या हाताने, थापी दगडावर अजिबात वाजू न देता; दुसरा फटींतून उगवलेली रोपटी मुळासकट काढत होता. पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात उतरू नये म्हणून हे करावं लागतं. थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं आणि दगड सुटे होतात. पण भिंत सरळ करायची नाही. ढासळलेला कोपरा बांधून काढायचा नाही. जिथे काजळी धरली आहे तिथे ती राहू द्यायची. भिंत जितकी तुटली आहे तितकीच तुटलेली राहिली पाहिजे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

आई रफू फार सुंदर करायची. बाबांच्या लोकरी कोटाला खिळ्यात अडकून पडलेलं भोक तिने एकदा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढलेल्या धाग्यांनी असं भरून काढलं होतं की नंतर तिलाही ते शोधावं लागे. भोक होतं हे कुणाला कळू नये, यात तिच्या हाताचं सगळं कसब होतं. ते दोन गवंडी तितक्याच मायेने, तितक्याच बारीक नजरेने काम करत होते, पण जखम दिसत राहावी म्हणून. आणि हे काम कधीच पुरं व्हायचं नाही. गाव जळायला एक दुपार पुरली. ते जळलेलं राखायला पिढ्यान् पिढ्या लागताहेत. फ्रान्स सरकारने ते काम आपल्याकडे घेतलं. मार्च 1945 मध्ये जनरल द गॉल इथे येऊन गेले आणि 1946 मध्ये या अवशेषांना ऐतिहासिक वास्तूचा कायदेशीर दर्जा मिळाला. तेव्हापासून कुणी ना कुणी गवंडी कुठल्या ना कुठल्या भिंतीवर चढलेलाच असतो.

आता राहू द्या, असंही काही लोक म्हणतात. वाचलेली माणसं एकेक करून गेली, भिंतींनाही जाऊ द्या. वेली चढू देत, झाडं उगवू देत, निसर्ग आपल्या परीने सगळं झाकून टाकील. त्या म्हणण्यात एक कोमलपणा आहे, तो मला कळतो. पण त्या बाकावर बसून मला अगदी मनापासून वाटलं की नाही, हे राखलंच पाहिजे. कारण इथे जे राखलं आहे ती नुसती हत्या नाही. हत्या आकड्यांतही राहिली असती, खटल्यांच्या कागदांतही राहिली असती. इथे राखली आहे ती दोन वाजेपर्यंतची दुपार. तोवर माणसं काय करत होती ते. पीठ मळत होती, नाल ठोकत होती, केस कापत होती, बाही जोडत होती. ज्यांना मारलं ती माणसं होती, हे सांगायला त्या मशीनइतका साधा साक्षीदार दुसरा नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना माझा जीव रमत नाही. 1953 च्या सुरुवातीला बोर्दोमध्ये खटला उभा राहिला. आरोपी एकवीस, त्यांतले चौदा आल्सासचे, म्हणजे फ्रेंचच. एकजण सोडला तर बाकीच्यांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात भरती केलेलं. शिक्षा झाल्या आणि आठवड्याभरातच फ्रान्सच्या संसदेने त्या सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली. आल्सासचं दुःखही खरं होतं, पण ओरादूरने ते कसं ऐकून घ्यावं. गावाने सरकारने दिलेले मानसन्मान परत केले. माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं गावाच्या वेशीवर लावली आणि ती वर्षानुवर्षं तशीच ठेवली. सरकारने अस्थींसाठी बांधलेल्या भूमिगत स्मारकात आपली माणसं ठेवायला त्यांनी नकार दिला. ती गावच्या कबरस्तानातच राहिली, आपल्या माणसांत. ते स्मारक कितीतरी वर्षं रिकामंच होतं. आता त्यात काचेआड चष्मे आहेत, चाकू आहेत, थांबलेली घड्याळं आहेत.

नवं ओरादूर जुन्याच्या अगदी शेजारी आहे. 1947 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी त्याची कोनशिला बसवली. रुंद रस्ते, करड्या भिंती, एकसारखी घरं. त्या गावात कितीतरी वर्षं नाच झाला नाही, बँड वाजला नाही, लग्नं झाली ती गाजावाजा न करता. मी भाचीला विचारलं, त्या गावात जन्मलेल्या मुलांनी काय केलं असेल गं? खिडकी उघडली की जळलेलं गाव, घरात काळे कपडे, मोठ्याने हसलं तर आईचा चेहरा उतरतो. ती म्हणाली, "मोठी झाली असतील, मावशी. सगळी होतात तशी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण हळू चालत असतील." आज तिथे फुलांच्या कुंड्या आहेत, घरांना रंग आहेत. आम्ही एका दुकानातून पाव घेतला. दुकानदारीण आमच्याकडे पाहून नुसती मान हलवून हसली. कुठून आलात हे तिने विचारलं नाही. अशा बुटांना चिकटलेली ओली माती ती रोज पाहत असणार.

रोबेर एब्रासची आई आणि दोन बहिणी चर्चमध्ये गेल्या. जळत्या कोठारातून बाहेर पडलेला तो मुलगा पुढे मोटारदुरुस्तीचा धंदा करत जगला, आणि उतारवयात जे कुणी येतील त्यांना, विशेषतः शाळेतल्या मुलांना, या गल्ल्यांतून फिरवून सगळं सांगत राहिला. जर्मनीतही जाऊन सांगत राहिला. 4 सप्टेंबर 2013 ला जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक पहिल्यांदाच ओरादूरला आले. ते, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद आणि एब्रास, तिघं हातात हात धरून चर्चमध्ये उभे राहिले. त्या क्षणाचा फोटो मी पाहिला आहे. त्यात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे मला आठवत नाहीत. मधल्या म्हाताऱ्या माणसाचे हात आठवतात, दोन्हीकडे दिलेले. 2023 च्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. आता ते सगळं पाहून वाचलेलं कुणीही उरलेलं नाही.

आणि तरीही मोजणी संपलेली नाही. कितीतरी दशकं मृतांचा आकडा 642 होता. तो पुस्तकांत होता, भाषणांत होता. पाऊणशे वर्षं उलटल्यावर जुनी कागदपत्रं चाळणाऱ्या एका स्पॅनिश संशोधकाच्या लक्षात आलं की एक बाई राहून गेली आहे. रामोना दोमिंगेझ हिल. स्पेनमधल्या युद्धातून निसटून आलेली, इथल्या कुठल्याच यादीत नीट न बसलेली. तिच्यासाठी हिशेब मागणारं कुणी मागे नसेल, म्हणून इतकी वर्षं ती मृतांमध्येही धरली गेली नव्हती. आता आकडा 643 आहे. एवढं मोठं स्मारक, एवढी राज्यं, एवढे राष्ट्राध्यक्ष, आणि एक बाई अजून यायची होती.

कबरस्तान गावाच्या वरच्या अंगाला आहे. बहुतेकांची ओळख पटलीच नाही. जेमतेम बावन्न देहांना नाव देता आलं. म्हणून इथे कबरींपेक्षा फोटोच जास्त, चिनी मातीच्या लहान लहान लंबगोल पाट्यांवर उमटवलेले, ऊनपावसात न फिकटणारे. शाळेच्या फोटोसाठी भांग पाडलेली मुलं. लग्नातला फेटा नव्हे, पण तशाच डौलाने घातलेली टोपी. एक मुलगी, तिच्या झग्याच्या गळ्याला बारीक झालर, नक्कीच घरी शिवलेली. मी त्या झालरीकडे फार वेळ पाहिलं. हाताची टीप होती की मशीनची, हे फोटोत दिसत नव्हतं.

बसला अजून वेळ होता. सगळ्यांची नावं कोरलेल्या दगडासमोर आम्ही उभ्या राहिलो आणि काही न ठरवता भाची वाचायला लागली, हळू आवाजात, एकेक नाव. मी तिच्यामागून म्हणू लागले. फ्रेंच नावांची ती तोंडात विरघळणारी टोकं ती मला सावकाश म्हणून दाखवायची, मी ती तशी म्हणायचा प्रयत्न करायचे, मग पुढचं. एकाच आडनावाची पाच नावं आली की ती सगळी एका श्वासात न घेता मधे थांबायची. आडनावांच्या क्रमाने आम्ही देझूर्तोंपर्यंत आलो. म्हातारा बाप आला, डॉक्टर मुलगा आला, बाकीची घरची माणसं आली. ती संपल्यावर भाची जरा थांबली. मग आपल्या मनाने म्हणाली, "रामोना दोमिंगेझ हिल." मी तिच्यामागून म्हटलं. मग तिने पुढचं नाव घेतलं.